आधी नाव, मग गाव, मग घास

आमच्या तालुक्याच्या गावी दर मंगळवारी आठवडी बाजार भरतो. घाटाखालून काही विक्रेते पहाटेच्या एस.टी.ने येतात आणि आमसुले, सुपाऱ्या, सुकी मासळी असा कोकणचा माल मांडून बसतात. गेल्या थंडीत त्यांतल्या एका ओळखीच्या मावशींच्या टोपलीत मला एक निराळेच फळ दिसले. बोटभर लांबीचे, पिवळसर हिरवे, मेण चोळल्यासारखे तुकतुकीत, आणि अंगावर पाच उभ्या धारा. कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्यांना ते नवीन नाही. तिथे शाळेच्या फाटकाशी बोरे, चिंचा, आवळे यांच्या शेजारी ते मीठ-तिखट लावून विकतात. आमच्या घाटावरच्या गावात मात्र ते क्वचितच येते.

मी विचारले, "मावशी, हे काय?"

"करमळं आहेत, गुरुजी. मीठ लावून खा. पोरांना आवडतील."

मी सहा फळे घेतली आणि दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात नेली. सुरीने आडवा काप काढला आणि वर्गात एकच कुजबुज झाली, कारण प्रत्येक काप म्हणजे नेमकी पाच टोकांची चांदणी होती. "फळच आहे, खाऊन बघा," असे म्हणून मी कापांची ताटली फिरवली. कुणी डोळे मिचकावले, कुणी दुसरा काप मागितला. तास संपल्यावर एक मुलगी माझ्याकडे आली. तिने आपला काप न खाता डब्यात ठेवला होता. "सर, हा आजोबांना नेते. त्यांच्या तोंडाला अजिबात चव नाही. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागतं."

मला तिचे कौतुक वाटले आणि मी उरलेले एक अख्खे फळही तिच्या हातात ठेवले.

ती दारापर्यंत गेली, तेव्हा मला आठवले की आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी शहाळ्याचे पाणी बंद केले होते. मी तिला परत हाक मारली आणि म्हणालो, "आधी डायलिसिसच्या ठिकाणी विचार, मगच आजोबांना दे." दोन दिवसांनी तिने ते फळ तसेच परत आणले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते की, हे फळ आजोबांना चाखायलासुद्धा द्यायचे नाही. त्याने जीव जाऊ शकतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने "फळच आहे, खाऊन बघा" असे म्हणावे, आणि त्यापुढे एकही प्रश्न विचारू नये! या लेखात मी माझे जे मत मांडणार आहे, ते त्या चुकीतून तयार झालेले आहे.

दोन सोपी उत्तरे

अनोळखी फळ समोर आले की आपल्याकडे दोन प्रकारचे लोक आढळतात. पहिले म्हणतात, "नसती भानगड नको. माहीत नाही ते तोंडात घालू नये." दुसरे म्हणतात, "देवाने दिलेले फळ आहे. फळाने कधी कुणाला अपाय झाला आहे का?" वरवर पाहता ही दोन टोके आहेत. पण दोघांचे एक साम्य आहे, ते म्हणजे दोघेही चौकशी करायचे टाळतात. एकाला भीतीमुळे प्रश्न विचारावा लागत नाही, तर दुसऱ्याला श्रद्धेमुळे.

पहिल्यांचे ऐकून आपले पूर्वज वागले असते, तर आज आपल्या ताटात काय उरले असते? पेरू, पपई, अननस, सीताफळ, काजू आणि चिकू ही सारी मूळची अमेरिका खंडातली. त्यांतली बहुतेक पोर्तुगिजांच्या काळात समुद्रमार्गे आपल्याकडे आली. मिरची, बटाटा आणि टोमॅटो यांचेही तेच. पपई आणि अननस या शब्दांतसुद्धा त्या दूरच्या भाषांचे अवशेष आहेत. डहाणू-घोलवडचा चिकू आज इतका तिथला झाला आहे की त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या भागातही कुणी तरी एके दिवशी हे तपकिरी, खरबरीत सालीचे फळ पहिल्यांदा हातात घेतले असणार, हुंगले असणार आणि भीतभीत चाखले असणार. आज जे आपले आहे, ते एकेकाळी परके होते. म्हणून अनोळखी फळ चाखू नये, हे मला मान्य नाही.

पण दुसऱ्यांचे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. वनस्पती आपली पाने, बिया आणि फळे माणसाच्या सोयीसाठी तयार करत नाहीत. किडींपासून आणि जनावरांपासून बचाव व्हावा म्हणून त्यांच्यात कितीतरी रसायने असतात. ती कोणाला बाधतील आणि कोणाला नाही, हे फळाच्या देखणेपणावरून ठरत नाही.

मग करावे काय? लग्नाची बोलणी करताना आपण नाव-गाव विचारतो. फळाच्या बाबतीतही तीच रीत योग्य आहे. आधी नाव, मग गाव आणि मगच घास.

नाव विचारा

मावशींनी "करमळ" हे नाव सांगितले. मी घरी येऊन एका जुन्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात करमळ शोधला, तर निघाले भलतेच! सह्याद्रीच्या जंगलात करमळ नावाचा एक मोठ्या पानांचा वृक्ष आहे. त्याचे शास्त्रीय नाव डिलेनिया. त्याच्या एका भाऊबंदाला, म्हणजे मोठ्या करमळाला, चेंडूसारखी गोल, टणक फळे येतात आणि त्यांचा खाण्याचा भाग म्हणजे फुलाची जाड झालेली निदले असतात. त्याचा आणि माझ्या पंचकोनी फळाचा काडीचाही संबंध नाही.

माझ्या फळाला कुठे कमरक, कुठे कर्मर, कुठे करंबळ म्हणतात. संस्कृतात ते कर्मरंग आहे. इंग्रजीत कॅरांबोला किंवा स्टार फ्रूट. ही सगळी नावे एकाच झाडाची, आणि उलट 'करमळ' हे एकच नाव दोन निरनिराळ्या झाडांचे! असा घोटाळा टाळण्यासाठीच लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. त्याने कमरकाला दिलेले नाव 'ॲव्हेऱ्होआ कॅरांबोला' असे आहे. त्यातला पहिला शब्द बाराव्या शतकातील कॉर्डोव्हाचे प्रसिद्ध वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न रश्द यांच्या स्मरणार्थ आहे. युरोपात त्यांना ॲव्हेरोईझ म्हणत.

आणि दुसरा शब्द? तो तर आपल्याच घरचा आहे. इंग्रजी शब्दकोशांत 'कॅरांबोला' या शब्दाची व्युत्पत्ती पाहा. तो पोर्तुगीज भाषेतून आला आणि पोर्तुगीज भाषेत तो मराठी 'करंबळ' या शब्दावरून गेला, असे तिथे दिलेले आढळेल. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातही या फळाची माहिती आहे. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी एक परका माणूस आपल्या बाजारात उभा राहून "हे काय?" असे विचारत होता आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवत होता. आपण मात्र खातो आणि बिया थुंकून मोकळे होतो.

स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव, दोन्ही हवीत. स्थानिक नावामुळे विकणाऱ्या मावशींशी बोलता येते. शास्त्रीय नावामुळे जगभरच्या ज्ञानाचे दार उघडते. माझ्या चुकीचे मूळ हे होते की मी पहिल्या नावावरच थांबलो.

गाव विचारा

गाव म्हणजे केवळ ते फळ कुठून आले एवढेच नव्हे, तर त्याचे कूळ कोणते, त्याचे नातलग कोण, हेही.

कमरक मूळचे आग्नेय आशियातले असले तरी आपल्याकडे शतकानुशतके आहे. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे कोकणात आमटीत आणि माशांच्या कालवणात घालतात ती बिलिंबी, अर्थात बिमली. पण त्याचा एक लांबचा नातलग तुमच्या शाळेच्या आवारातही असेल. कुंड्यांत आणि भिंतीच्या कडेला तीन हृदयाकृती पानांची, पिवळ्या फुलांची एक नाजूक वनस्पती उगवते. तिची पाने आंबट लागतात. ती आंबुशी. तिचे शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस, आणि ज्या आम्लाला आपण ऑक्झॅलिक आम्ल म्हणतो, त्याचे नाव याच प्रजातीवरून पडले आहे.

नातलग कळला की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. आंबुशीच्या फुलात पाच पाकळ्या आणि पाच किंजदले असतात. कमरकाच्या फुलाचेही तसेच, आणि त्या पाच किंजदलांच्याच पुढे पाच धारा होतात. आमच्या वर्गाला आश्चर्यात टाकणाऱ्या चांदणीचे रहस्य हे! आंबुशीत ऑक्झॅलिक आम्ल असते, तसे कमरकातही असते. जास्वंदीच्या फुलाने रंगवलेल्या कागदावर कमरकाच्या रसाचा थेंब टाकला की तो लाल होतो. पितळेचे काळवंडलेले भांडे त्या रसाने घासले तर उजळते, आणि लोखंडाच्या गंजाचे डागही त्याने निघतात. हे प्रयोग शाळेत सहज करता येतील.

जो रस पितळ उजळतो, तो पोटात गेल्यावर काय करतो? हा प्रश्न इथे कुणाला सुचला, तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

ऑक्झॅलिक आम्लाचा कॅल्शियमशी संयोग झाला की कॅल्शियम ऑक्झॅलेटचे न विरघळणारे स्फटिक बनतात. मुतखड्यात पुष्कळदा हेच सापडते. आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीर परत शोषून घेते आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. एखाददुसऱ्या फळातून आलेले ऑक्झॅलेट निरोगी माणसाची ही यंत्रणा निमूटपणे बाहेर टाकते. पण एकदम फार मोठ्या प्रमाणात ते आले, तर गाळणीच्या सूक्ष्म नळ्यांतच स्फटिक साचतात.

हे केवळ तर्काने सांगत नाही. केरळमधील डॉक्टरांनी २०१३ मध्ये दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. रक्तातले कोलेस्टेरॉल कमी होईल या समजुतीने त्यांनी बिलिंबीचा दाट रस प्यायला होता, आणि त्यांची मूत्रपिंडे अचानक बिघडली. काहींना डायलिसिस करावे लागले. बिलिंबी तीच, जी पिढ्यान्‌पिढ्या कालवणात घातली जाते! चार बिलिंब्या सबंध घराच्या कालवणात आणि पेलाभर रस एकट्याच्या पोटात, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उचकीचा शोध

आता त्या आजोबांकडे वळू. त्यांना एका कापाचीही मनाई का?

ही हकीकत ब्राझीलमधली आहे. तिथेही कमरक घरोघरच्या परसात असते. १९९० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांत एक विचित्र लक्षण दिसले. त्यांना उचकी लागे आणि काही केल्या थांबत नसे. काहींना उलट्या होत, काही गोंधळल्यासारखे बोलत, काहींना झटके येत. काही रुग्ण दगावलेही. डॉक्टरांनी त्यांना एक साधा प्रश्न विचारला, "काय खाल्ले होते?" आणि उत्तरांत पुन:पुन्हा एकच फळ येऊ लागले. तैवान आणि हाँगकाँग येथूनही तशाच नोंदी प्रसिद्ध झाल्या. काही रुग्णांनी तर एकच फळ, किंवा त्याहूनही कमी, खाल्ले होते.

ऑक्झॅलिक आम्लाने मूत्रपिंड बिघडते हे ठाऊक होते. पण उचकी आणि झटके ही मेंदूशी संबंधित लक्षणे. म्हणजे आणखी काहीतरी असले पाहिजे. ते शोधायला बरीच वर्षे लागली. अखेर २०१३ मध्ये साओ पाउलो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कमरकातून एक संयुग वेगळे काढल्याचे जाहीर केले. ते एक अमिनो आम्ल आहे. त्याची रचना आपल्या शरीरातील फिनिलॲलनीनशी मिळतीजुळती आहे. ते मेंदूतील चेतापेशींना गरजेपेक्षा जास्त उत्तेजित करते आणि त्यातून झटके येतात. निरोगी माणसाची मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे त्याला काहीच जाणवत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात मात्र ते साचत जाते आणि मेंदूपर्यंत पोहोचते. असा रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचला आणि त्याचे तातडीने डायलिसिस झाले, तर तो वाचू शकतो.

शास्त्रज्ञांनी या संयुगाचे नाव ठेवले कॅरांबॉक्सिन. करंबळ, कॅरांबोला, कॅरांबॉक्सिन. आपल्या भाषेतला एक शब्द पोर्तुगाल आणि ब्राझीलला वळसा घालून एका विषाच्या नावात जाऊन बसला आहे. पण ज्यांच्या भाषेतून तो निघाला, त्या आपल्या घरांत ही माहिती अजून पोहोचलेली नाही.

किती आणि कोणी

या सगळ्यावरून कुणी असा अर्थ काढू नये की कमरक विषारी आहे आणि ते बाजारातून हद्दपार केले पाहिजे. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा पहिल्या सोप्या उत्तराकडे जाणे होय. निरोगी मुलाने मीठ-तिखट लावून चार काप खावेत आणि खुशाल मजा करावी. माझ्या वर्गातल्या मुलांना काहीही झाले नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते.

माझे म्हणणे एवढेच, की "हे फळ चांगले की वाईट?" हा प्रश्नच अपुरा आहे. शास्त्रीय प्रश्न असा हवा: हे फळ, इतक्या प्रमाणात, या माणसासाठी चांगले की वाईट? यातला एक जरी भाग गाळला, तरी उत्तर चुकते. एक काप माझ्यासाठी गंमत आहे आणि आजोबांसाठी धोका. एक फळ ठीक आहे, पण रिकाम्या पोटी पेले भरभरून त्याचा रस पिणे ठीक नाही. तसे करून निरोगी माणसांचीही मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी आहेत.

"आमची जीभ सांगेल की!" असे कुणी म्हणेल. जीभ पुष्कळदा सांगते, हे खरे. आपल्याकडे काकडी चिरताना आजी तिचे टोक कापून चाखते आणि कडू लागली तर टाकून देते. दुधीचेही तसेच करावे. काकडीवर्गातला तो कडूपणा अपायकारक द्रव्यांचा असतो, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. आजीची पद्धत म्हणजे अनुभवातून आलेली एक उत्तम चाचणीच. पण प्रत्येक विष कडू नसते. कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया मुलांना शेंगदाण्यासारख्या लागतात, आणि त्या खाऊन शाळकरी मुले रुग्णालयात दाखल झाल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वरचेवर वाचतो. कमरक तर गोड निघाले तरी त्यातले कॅरांबॉक्सिन जिभेला कळत नाही. म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो. बाजारात विकायला येणारे, विकणाऱ्याला खाण्याची रीत ठाऊक असलेले फळ वेगळे, आणि रानात किंवा रस्त्याकडेला दिसलेले फळ वेगळे. दुसऱ्या प्रकारचे फळ जाणत्या माणसाने ओळख पटवून दिल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, चाखण्यापुरतेही नाही.

आणखी एक भ्रम आहे. अनोळखी किंवा महाग फळ म्हटले की त्यात काहीतरी अद्भुत पोषण असणार, असे आपल्याला वाटते. कमरकात सुमारे ९१ टक्के पाणी असते. 'क' जीवनसत्त्व आहे, दर १०० ग्रॅमला साधारण ३४ मिलिग्रॅम. पण आपल्या साध्या पेरूत ते याच्या सहापटीहून अधिक असते! तेव्हा नवे फळ खावे ते नव्या चवीसाठी आणि नव्या माहितीसाठी, चमत्कारासाठी नव्हे.

शाळेने काय करावे

शिक्षकबंधू-भगिनींनो, आता थोडे आपल्याविषयी. आहाराचा पाठ शिकवताना "फळे आरोग्याला हितकारक असतात" हे वाक्य आपण सर्वांनी फळ्यावर लिहिले आहे. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे. त्याच्या पुढे "किती?" आणि "कोणाला?" हे दोन शब्द लिहायला फारसा खडू लागत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि कायमची औषधे घेणारी माणसे आज जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहेत. शाळेत ऐकलेले मूल घरी जाऊन सांगते आणि घरचे ते विश्वासाने ऐकतात. त्यामुळे आपण उच्चारलेले अर्धे वाक्य घरापर्यंत अर्धेच पोहोचते.

माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक शाळेने एक 'फळवही' ठेवावी. आठवडी बाजारात नवे फळ दिसले की विद्यार्थ्याने त्यात एक पान लिहावे: स्थानिक नाव, शक्य तितक्या बोलींतली इतर नावे, शास्त्रीय नाव, कूळ, ते कुठून आले, त्याचा कोणता भाग खातात आणि कसा, उभ्या-आडव्या कापाचे चित्र, चव आणि शेवटी "कोणी खाऊ नये". विकणाऱ्या मावशींना किंवा काकांना मान देऊन विचारावे. फळ केव्हा उतरवायचे, कच्चे की पिकलेले खायचे, बी टाकायचे की नाही, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. त्यांना जे ठाऊक असणे शक्य नाही, ते पुस्तकांतून आणि डॉक्टरांकडून मिळवावे. दोन्ही माहिती एकाच पानावर आली, तरच ते पान पूर्ण.

काहीजण म्हणतील, एवढी माहिती गोळा करत बसलो तर फळ खायचे केव्हा? त्यावर माझे उत्तर असे, की आमच्या वर्गाला कमरकाचे पान लिहायला एक आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात मुलांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, इतिहास आणि व्युत्पत्ती या पाच विषयांत डोकावून पाहिले. चार कापांत एवढे शिक्षण इतर कुठे मिळते?

पुढच्या मंगळवारी मी आणि ती मुलगी पुन्हा त्या मावशींकडे गेलो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हे फळ देऊ नये, असे आम्ही त्यांना सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता मी गिऱ्हाइकाला विचारीन, घरात कुणी आजारी आहे का." त्यांचा धंदा बुडेल अशी मला भीती होती. पण आता त्या आधी विचारतात आणि मगच विकतात, त्यामुळे लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास वाढला आहे.

आमच्या फळवहीतले पहिले पान त्या मुलीनेच लिहिले. चांदणीचे चित्र तिने फार सुरेख काढले आहे. "कोणी खाऊ नये" या रकान्यात तिने आधी लिहिले होते, "माझे आजोबा". मग ते न खोडता तिने पुढे जोडले, "आणि ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत असे सर्व".

मित्रांनो, येत्या बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन जाल, तेव्हा एक अनोळखी फळ जरूर शोधा. पण पिशवीत एक वही आणि पेन्सिलही टाका.